कण्हणारं स्टेअरिंग घेऊन भाट्याला

दिवाळीनंतर आमच्या घरात दोन गोष्टी बिघडल्या. सकाळी गाडीचं स्टेअरिंग वळवलं की ते कण्हायला लागलं, आणि आई शालूमावशीशी बोलेनाशी झाली. पहिल्या दुखण्यावर गॅरेजवाला होता. दुसऱ्यावर काय इलाज करायचा ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून मी गाडी काढून रत्नागिरीला जायचं ठरवलं.

आई कोल्हापुरात माझ्याकडेच असते. तिचं माहेर भाट्ये, रत्नागिरी शहराच्या खाडीपलीकडचं गाव. धाकटी बहीण शालू त्याच गावात दिली, ती अजून तिथेच आहे. पाच भावंडांपैकी आता या दोघीच उरल्यात. रोज संध्याकाळी त्यांचा फोन व्हायचा आणि त्यात काय शिजवलं इथपासून कुणाची सून कशी वागते इथपर्यंत सगळं यायचं. दरवर्षी दिवाळी झाली की मावशी स्वतःच्या नारळांचं घाण्यावर काढलेलं तेल आईच्या केसांसाठी नारळाच्या टेम्पोबरोबर पाठवते. या वर्षी ते आलंच नाही.

आता कुणीही शहाणं माणूस फोनवर विचारेल, "काय गं, तेल नाही पाठवलंस?" पण आमच्या कोकणातल्या बायकांत घरून येणाऱ्या जिनसेबद्दल विचारायचं नसतं. विचारलं म्हणजे मागितलं. आईने विचारलं नाही. बोलणं आधी तुटक झालं, मग एक दिवसाआड झालं, मग बंदच पडलं. गंमत म्हणजे तिकडूनही फोन येईना. मग मावशीच्या मुलाने मुंबईहून कळवलं, की मावशी अंगणात घसरून पडली आणि हात प्लॅस्टरमध्ये आहे. आई म्हणाली, "काळजी घे म्हणावं," आणि तांदूळ निवडत बसली. तेच मूठभर तांदूळ ती कितीतरी वेळ निवडत होती. मला त्या दिवशी खरंच भीती वाटली. दोघी सत्तरीच्या पुढच्या, आणि हा रुसवा असाच राहिला आणि कुणा एकीचं काही झालं तर?

"रत्नागिरी फिरायला जाऊ," मी म्हटलं. आई तयार झाली, पण एका अटीवर. मुक्काम मांडवीला करायचा, भाट्याला जायचं नाही. "तिनं बोलावल्याशिवाय मी तिच्या दारात पाय ठेवणार नाही." मी हो म्हटलं. तिथवर तरी नेऊ, पुढचं पुढे.

राहता राहिलं स्टेअरिंग. आमची गाडी जुनी डिझेल हॅचबॅक आहे, तेलावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पॉवर स्टेअरिंगची. दोष असा की थंड गाडी सुरू करून चाक वळवलं की बॉनेटखालून "ऊंऽऽ" असा आवाज यायचा. ॲक्सिलरेटर दिला की आवाज चढायचा, चाक सरळ केलं की थांबायचा. तासाभराने, गाडी तापल्यावर, काहीच नाही. नवऱ्याने गाडी गॅरेजला नेली की ती तिथे आज्ञाधारक मुलीसारखी गप्प बसायची. तिथल्या माणसाने आधी बेल्ट बदलला. फरक पडला नाही तेव्हा म्हणाला, पुढची चाकं वळवणारा अख्खा स्टेअरिंग रॅक बदला. त्या पैशात आमची वर्षभराची भटकंती निघाली असती. नवरा म्हणाला, "एसटीनं जावा की." आईला एसटीत उलट्या होतात, हे त्याला लग्नापासून माहीत आहे.

शनिवारी दुपारी जेवून निघालो. कोल्हापूर, बांबवडे, मलकापूर, आंबा असा सरळ रस्ता आहे. चौपदरीकरणाचं काम चालू असल्यामुळे मध्येमध्ये वळसे, धूळ आणि डंपर सोसावे लागतात. नकाशात दाखवतात त्यापेक्षा तास-दीड तास जास्त धरून निघा. घाट उतरायला अंधार पडणार असं दिसलं तेव्हा मी घाटमाथ्यावरच्या आंबा गावातच थांबायचं ठरवलं. तिथे साध्या खोल्या दोन हजारांच्या आत मिळतात, शनिवारी मात्र आधी फोन करावा. रात्री गरम भाकरी, पिठलं आणि खर्डा मिळाला. पिठलं इतकं चांगलं होतं की आईने दुसऱ्यांदा घेतलं. जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर, कानटोपी न लाजता घ्या. आम्ही कोकणात चाललोय म्हणून सुती कपडे घेऊन गेलो आणि रात्रभर एकमेकींची पांघरुणं ओढत होतो.

सकाळी धुकं होतं, हातातल्या चहाच्या कपाची सुद्धा ऊब हवीशी वाटत होती. गाडी सुरू केली, पार्किंगमधून बाहेर काढायला चाक वळवलं आणि ती अशी कण्हली की लॉजचा मालक दात घासता घासता बाहेर आला. कोल्हापुरात असा आवाज कधीच झाला नव्हता. चाकही जड लागत होतं.

"हे काय होतंय?" आईने विचारलं.

"काही नाही, थंडीमुळे," मी म्हटलं. ते शंभर टक्के खरं आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आंबा घाट सुंदर आहे असं सगळे लिहितात. असेल. मी त्या दिवशी फक्त वळणं पाहिली. प्रत्येक वळणावर "ऊंऽऽ", आणि आईने दारावरची मूठ इतकी घट्ट धरलेली की बोटं पांढरी पडलेली. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर ती म्हणाली, "परत फिर. नको मला रत्नागिरी." ती एकदा मागे फिरली असती तर पुन्हा निघाली नसती, हे मला पक्कं माहीत होतं. "अगं, परत फिरायचं तर चाक पूर्ण वळवावं लागेल, मग केवढा आवाज होईल!" मी म्हटलं. आम्ही खाली जात राहिलो.

गाड्या थांबतात त्या सपाट जागेवर बाजूला घेऊन मी बॉनेट उघडलं. स्टेअरिंगच्या तेलाची छोटी टाकी फेसाने भरली होती आणि झाकणाखालून थोडं तेल बाहेर येऊन गरम भागावर ठिबकत होतं. एवढं मला कळत होतं, की फेस म्हणजे तेलात हवा, आणि पंप हवा ओढायला लागला की असा रडतो. तेवढ्यात आई खाली उतरली, नाक वर करून म्हणाली, "खोबरेल तेलाचा वास येतोय."

मलाही येत होता. आसपास ना घर, ना टपरी. मी म्हटलं, "कोकण जवळ आलं."

तेलाचं नाव निघायला नको होतं. आईच्या मनातलं सगळं एकदम बाहेर आलं. "एक बाटली पाठवायला हिचा काय हात मोडला होता?"

बोलून गेली आणि जीभ चावली. हात खरोखरच मोडला होता. तेल यायची वेळ त्याच्या कितीतरी आधीची होती, पण ते शब्द तिचे तिलाच लागले. गाडीत बसली आणि साखरप्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

साखरप्याला मिसळ आणि चहा घेतला. थांबा इथेच, पुढे पालीपर्यंत बरं काही लवकर मिळत नाही. घाट उतरल्यावर ऊन लागायला लागलं, स्वेटर निघाले आणि स्टेअरिंगही निवांत झालं. पाली, हातखंबा, मग डावीकडे वळून रत्नागिरी. गावात शिरलो तेव्हा घाम येत होता आणि चाक एका बोटाने वळत होतं. मांडवीला खोली घेतली. जेवायला सुरमईची थाळी घेतली. तुकडा ताटाबाहेर डोकावणारा, आणि सोलकढी परत मागितली तर कपाळाला आठी न घालता वाढली. दुपारी बाजारात दोन फेऱ्या मारल्या, अरुंद गल्लीत गाडी मागेपुढे केली. आवाजाचा पत्ता नाही. भुताटकी वाटायला लागली.

संध्याकाळी मांडवीच्या काळ्या वाळूत बसलो. भेळवाले, जेटीवर फोटो काढणारी पोरं. आई समुद्राकडे बघतच नव्हती. तिचं तोंड खाडीच्या पलीकडे, सुरूच्या झाडांकडे होतं.

"ते पलीकडचं भाट्येच ना?" तिने विचारलं.

जिथे जन्मली ते गाव ती मला विचारत होती. मी "हो" म्हटलं.

सोमवारी सकाळी गाडी सुरू केली तर पुन्हा बारीक कण्हणं. आंब्याइतकं नाही, पण होतं. हॉटेलच्या मालकाला विचारलं तर म्हणाला, "भाट्याला जावा, संतोषकडे. पुलावरून खाली उतरलां की विचारा कोणाला पण." संतोषचं गॅरेज मावशीच्या घराला लागून आहे, मध्ये फक्त चिऱ्याचा गडगा, कंबरेएवढी भिंत. हे मला ठाऊक होतं. दुसरा मेकॅनिक शोधायचे कष्ट मी घेतले नाहीत.

"गाडी ने कुठे न्यायची ती," आई म्हणाली. "मी गाडीतून उतरणार नाही."

आणि खरंच नाही उतरली. संतोषच्या अंगणात गाडी उभी केली तेव्हा गडग्यापलीकडे मावशी पडवीत बसलेली, गळ्यात हात अडकवलेला. तिने आमच्याकडे पाहिलं, मला बघून मान हलवली आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं, एका हाताने. आईने काच वर केली.

संतोष बोलघेवडा माणूस. आवाज ऐकून म्हणाला, "बेल्ट." बेल्ट नवा निघाला. मग म्हणाला, "पंप गेला." मग खाली वाकून म्हणाला, "नाय, पंप बरा वाटतो, रॅक असेल." माझा धीर सुटत चालला होता. शेवटी म्हणाला, "पुढची चाकं उचलून बघूया. आजी, उतरा जरा, गाडी जॅकवर घ्यायची हाय."

आता आली पंचाईत. आई उतरली, संतोषने दिलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गडग्याकडे पाठ करून बसली. पलीकडे वर्तमानपत्राचं पान काही उलटत नव्हतं. दोघींच्या मध्ये मी उभी, आणि मला रडू येईल की हसू ते कळेना.

संतोषने टाकीचं झाकण काढलं, पिचकारीने थोडं तेल ओढून पारदर्शक बाटलीत घेतलं. ते तेल लालभडक असायला हवं. हे फिकट गुलाबी, गढूळ होतं, सरबतात दूध पडल्यासारखं. "ह्यात कायतरी भलतां पडलां," तो म्हणाला. टाकी सोडवली, आतली जाळी बाहेर काढली, उन्हात धरली आणि त्याची बडबड बंद झाली. जाळीवर पांढरट साय होती आणि त्या सायीत फुगलेले, पिवळे दाणे.

त्याने एक दाणा नखाने फोडला, नाकाशी नेला. "काय ओ ताई, गाडीला फोडणी घातलीत काय? ही मेथी हाय!"

गडग्यापलीकडे वर्तमानपत्र खाली आलं.

"मेथी?" मावशी उठली. पडवी उतरून गडग्याशी आली. "बघू." संतोषने बाटली पुढे केली. मावशीने वास घेतला, दोन बोटांवर तेल चोळलं, पुन्हा वास घेतला. मग कुणाकडे न बघता म्हणाली, "ह्यां तर माझां तेल."

आईने मान वळवली. "तुझं?"

"माझां नाय तर कोणाचां? मेथी कोण घालतां दुसरी? तुझे केस गळतात म्हणून घालतंय दरवर्षी." आणि मग, सगळा साठलेला राग एका दमात, "पोचलां म्हणून एक फोन नाय केलास ताई. टेम्पोवाला सांगून गेला, घरी दिलां म्हणून. वाट बघून बघून थकले मी."

"मला मिळालंच नाही गो," आई म्हणाली. पूल ओलांडला की तिची भाषा बदलते. "मला वाटलां, तू विसरलीस मला."

"मी विसरेन?"

मग मी फोन काढून नवऱ्याला लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. दिवाळीनंतर नारळाच्या टेम्पोवाल्याने काही दिलं होतं का?

"हां, तेलाचा डबा दिला होता. 'ताईंचं तेल हाय' म्हणाला. मी स्टेअरिंगमध्ये टाकलं की."

"खोबरेल तेल? स्टेअरिंगमध्ये?"

"डब्यावर लिहिलं होतं की, स्टेअरिंग ऑइल! गॅरेजवाला म्हणालेला, लेव्हल कमी आहे, भरून घ्या. मला वाटलं तू मागवलंस. उरलेला डबा तिथंच गॅरेजमध्ये देऊन टाकला."

आता सगळे संतोषकडे बघायला लागले, कारण मावशीचं बोट त्याच्याकडे गेलं होतं. आदल्या वर्षी मावशीची बाटली घाटात गळली आणि टेम्पोवाल्याची सीट तेलकट झाली, म्हणून तो कुरकुरला होता. म्हणून या वर्षी तिने शेजाऱ्याकडून घट्ट झाकणाचा डबा मागून घेतला. आमच्याकडे घाटावर जाणाऱ्या तेलाला बाटली कसली आहे हे कुणी बघत नाही, झाकण बघतात. "मीच दिलता," संतोष म्हणाला. "चांगला गरम पाण्यानं, साबणानं धुऊन दिला. लेबल काढायचां राहिलां."

मग कोडं सुटायला वेळ लागला नाही. थंडीत खोबरेल तेलाची बाटली आपण उन्हात ठेवतो ना, तेच. सकाळच्या गारठ्यात टाकीतलं तेल थिजायचं, जाळी बंद व्हायची, पंपाला तेल मिळायचं नाही म्हणून तो हवा ओढायचा आणि कण्हायचा. गाडी तापली, कोकणातलं ऊन लागलं, की पातळ होऊन सगळं सुरळीत. कोल्हापूरच्या गॅरेजला गाडी दुपारी जायची म्हणून ती तिथे गप्प असायची. रॅकही ठीक, पंपही ठीक. मी गाडीला टेकले आणि मोठ्याने हसले. एवढं मोकळं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आईला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं. ती गडग्यापाशी गेली होती आणि प्लॅस्टरमधून बाहेर आलेली मावशीची बोटं एकेक करून दाबून बघत होती. "दुखतां?" "नाय गो आता." "रात्री?" "रात्री दुखतां."

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी पुढचं लिहिते. पुढची चाकं वर घेतली. टाकीकडे परत येणारा पाइप काढून बादलीत सोडला. मी आत बसून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले, तसं जुनं तेल बादलीत येत गेलं. जाळी आणि टाकी धुतली. नवीन तेल भरायचं, फिरवायचं, काढायचं, असं बादलीत स्वच्छ लाल तेल येईपर्यंत केलं. मग पाइप जोडून, इंजिन बंद ठेवून, पुन्हा चाक फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. हे घाईचं काम नाही. बुडबुडे बघायला संतोष होताच, पण दोघी बहिणी टाकीवर वाकून उभ्या राहिल्या. "थांब, अजून फेस आहे." "आता बसला." "नाय गो ताई, त्या कडेला बघ." आयुष्यभर कढईतला फेस बघितलेल्या बायका, संतोषने मुकाट्याने त्यांचं ऐकलं. शेवटी गाडी सुरू केली, चाक पूर्ण वळवलं. आवाज आला नाही. संतोषने एवढंच बजावलं की रबरी सील खराब झालेत का ते कळायला वेळ लागेल, कुठे गळतंय का ते महिनाभर बघत राहा.

मांडवीची खोली सोडली. दुपारी मावशीकडे भात आणि बांगड्याचं तिखलं झालं. आईने स्वयंपाक केला आणि मावशीने एका हाताने चुका काढल्या. गणपतीपुळे झालं नाही, थिबा राजवाडा झाला नाही, आंब्याच्या बागा लांबूनच दिसल्या. त्यांची माहिती हवी असेल तर दुसरीकडे भरपूर मिळेल.

मी मंगळवारी एकटीच परत निघाले. आई म्हणाली, प्लॅस्टर निघेपर्यंत राहते. मुद्दाम पहाटे निघून आंब्याला थंडीत पोचले, चहाला थांबून गाडी गार होऊ दिली आणि मग लॉजसमोर चाक पुरतं वळवलं. गप्प. या वेळी घाटही पाहिला. धुकं दरीत उतरलेलं होतं, मधूनच एखाद्या झाडाचा शेंडा वर आलेला. खरंच सुंदर आहे.

तुमची गाडी वळताना आवाज करत असेल तर माझं एवढंच सांगणं, की आवाज थंड गाडीत येतो की गरम, ते आधी नीट बघा. टाकीचं झाकण उघडून तेलाचा रंग बघा, फेस बघा, वास घ्या. एवढं झाल्यावरच मोठा खर्च सांगणाऱ्याकडे जा. आणि गाडीत ओतण्याआधी डब्यात काय आहे ते लेबलवरून ठरवू नका. घरी पोचले तेव्हा नवऱ्याने खिडकीतून हात घालून चाक दोन्हीकडे फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "गप्प झाली की!" मी फक्त किल्ली त्याच्या हातात दिली. त्याला पुरेसं ऐकवायला आई येणार आहेच.

संध्याकाळी, त्यांच्या नेहमीच्या फोनच्या वेळेला, पोचल्याचं सांगायला मी आईला फोन लावला. मावशीने उचलला. मागून आईचा आवाज आला, "कोण आहे गो?"

"तुझी लेक. पोचली," मावशी तिला म्हणाली, आणि मग मला, "बरां झालां. ठेव आता, आम्ही बोलतोय."